फोटो कोणाच्या हाती?

मुंबईच्या रस्त्यावरचा माणूस पहिल्यांदा पुस्तकात आला, तेव्हा तो खरं म्हणजे रस्त्यावर उभाच नव्हता. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत मुंबईतल्या जातीजमातींचा एक संग्रह काढला. त्यात खरे फोटो पानांवर चिकटवलेले आहेत. भाटिया, नागर ब्राह्मण आणि असे कितीतरी लोक आपापल्या पागोट्या-अंगरख्यांत ऐटीत उभे आहेत. मागे शहरातली एखादी जागा दिसते. जरा निरखून पाहिलं की माणसं आणि मागचा देखावा यांचं काही जमत नाही हे लक्षात येतं. जॉन्सन माणसांचे फोटो साध्या पडद्यापुढे घ्यायचा आणि मग त्या आकृती दुसरीकडे काढलेल्या देखाव्यावर बेमालूम बसवायची खटपट करायचा. बेमालूम दर वेळी जमायचं असं नाही.

याला लबाडी म्हणणं सोपं आहे, पण त्याची अडचणही समजून घ्यायला हवी. त्या काळी काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. थर वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत ती धुवायची. हे सगळं काही मिनिटांत उरकावं लागे. त्यात मुंबईचा उकाडा! समोरच्याला काही सेकंद पापणीही न हलवता उभं राहावं लागायचं. पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेली कोळीण एवढा वेळ कोणासाठी थांबेल?

जॉन्सन ज्या मंडळात होता, ती फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. कॅमेरा भारतात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, तरी या मंडळात मराठी माणसं होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आज भायखळ्याच्या संग्रहालयामुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर, आणि फोटोग्राफीत भावापेक्षा कितीतरी अधिक मुरलेले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच सुमारास फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. म्हणजे मुंबईचे चेहरे टिपणारे सगळे परकेच होते, असं नाही.

पण त्या काळातल्या या संग्रहांत मला जे सलतं ते वेगळंच आहे. फोटोखाली जात लिहिलेली असते, धंदा लिहिलेला असतो. माणसाचं नाव शोधून सापडत नाही. सरकारनेही १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड छापले, त्यांतही बहुतेक माणसं म्हणजे नमुने. पुस्तकं विकत घेणारे वेगळे आणि फोटोत उभे राहणारे वेगळे. उभ्या राहिलेल्यांच्या घरी त्यातली एखादी प्रत गेली असेल, असं मानायला काही आधार नाही.

पुढे कॅमेरा हातात मावू लागला. १९२९ साली जर्मनीत रोलीफ्लेक्स निघाला आणि रस्त्यावर फोटो काढणाऱ्याचं वागणंच बदललं. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. समोरच्याला कोणी रोखून पाहत नाही, त्यामुळे तोही अवघडत नाही. मुंबईत अशी मान खाली घालून फोटो काढणाऱ्यांत एक पारशी मुलगी होती. होमाई व्यारावाला. जन्म १९१३, नवसारीचा; वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीतले नट. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना होमाईंनी मैत्रिणींच्या सहलीचे फोटो काढले. ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले आणि फोटोमागे एक रुपया दिला.

जे. जे.मधली त्यांची मैत्रीण रेहाना मोगल हिचा एक फोटो आज बऱ्याच ठिकाणी पाहायला मिळतो. पोरगी अशी बसली आहे, की समोर कॅमेरा आहे याचं तिला काहीच वाटत नाही. वाटत असलं तर थोडी मौजच. तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण फोटो काढणारी तिची मैत्रीण होती. जॉन्सनच्या आणि या फोटोतला मोठा फरक मला हाच वाटतो. गंमत अशी, की इथे नाव लपलं ते फोटो काढणारीचं. होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशा व्यारावाला यांच्या नावावर. माणेकशा ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेबनीस होते, स्वतः फोटो काढत, आणि पुढे होमाईंचे पती झाले. बाईच्या नावाने फोटो आला तर त्याला वजन राहणार नाही, अशी तेव्हाची समजूत.

१९४२ साली दोघं दिल्लीला गेली आणि होमाईंनी नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा हे सगळं टिपलं. ‘डालडा १३’ हे टोपणनाव त्यांनी गाडीच्या ‘डीएलडी १३’ या नंबरावरून घेतलं. १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. २०११ साली पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या सत्याण्णव वर्षांच्या होत्या. दिल्लीतल्या त्या फोटोंचं मोल मोठंच आहे, पण मला मुंबईतल्या त्या हसऱ्या पोरी जास्त आवडतात. नेहरूंचे फोटो आणखी शंभर जणांनी काढले असतील. त्या पोरींचे कोण काढणार होतं?

रघुबीर सिंग यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ चं. ते रंगीत फिल्म वापरत. झवेरी बाजारातल्या काचा, काचांत उमटलेली गिऱ्हाइकं, बाहेरची गर्दी हे सगळं एकाच चौकटीत ठासून भरलेलं. फोटो देखणे आहेत, पण त्यांतल्या कोणा एकाचा चेहरा माझ्या लक्षात राहत नाही.

सुधारक ओलवे यांचं उलट आहे. मूळचे अकोल्याचे ओलवे मुंबईत वृत्तपत्रांचे छायाचित्रकार होते. त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला, गळ्यापर्यंत घाणीत असलेला माणूस, हातमोजे नाहीत. जॉन्सनने धंद्यावरून माणसं लावली होती, तीच ही माणसं म्हणायला हरकत नाही. पण इथे मागचा देखावा चिकटवलेला नाही. ओलवे त्यांच्या घरीही गेले. एकेका खोलीतला संसारही त्यांनी टिपला. या कामासाठी २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकचा पुरस्कार आला आणि २०१६ मध्ये पद्मश्री. हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. माणसं त्यानंतरही गटारात उतरत राहिली. म्हणून हे फोटो जुने झाले, असं म्हणता येत नाही.

आता राहिले गेटवे ऑफ इंडियापुढचे फोटोवाले. कलेच्या इतिहासात त्यांना कोणी घेत नाही. खरं तर मुंबईत रस्त्यावर सर्वात जास्त चेहरे त्यांनीच टिपले असणार. गळ्यात कॅमेरा, हातात नमुन्याच्या फोटोंची चळत आणि तोंडाने ‘फोटो, अर्जंट फोटो’. त्यांचा धंदा उन्हावर चालतो. गेटवेपलीकडे समुद्र पूर्वेला आहे. सकाळी चौकात उभं राहून गेटवेचा फोटो घ्यावा तर ऊन मागून येतं आणि चेहरे काळे पडतात. म्हणून सकाळी ताज हॉटेल मागे घ्यायचं, कारण त्याच्या दर्शनी बाजूवर तेव्हा छान उजेड असतो, आणि कमानीपुढे माणसं उभी करायची ती दुपार कलल्यावर. दोन्ही एकाच फोटोत पाहिजेत म्हणणारं गिऱ्हाईक आलं, की कुठल्या फरशीवर उभं करायचं हे त्यांना झोपेतही सांगता येईल.

रिळाच्या जमान्यात गिऱ्हाइकाचा पत्ता लिहून घेऊन फोटो टपालाने पाठवायचे. अनोळखी माणसाच्या हातात पैसे देऊन लोक गावी परतायचे आणि पोस्टमनची वाट पाहायचे. मग पिशवीत मावणारे प्रिंटर आले. मोबाइलने धंदा पार बसवला, पण संपवला नाही. बाराजणांच्या कुटुंबात फोटो काढणारा नेहमी फोटोबाहेर राहतो, हे एक कारण. दुसरं असं, की मोबाइलमधला फोटो भिंतीवर लावता येत नाही.

पावसाळ्यात कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, बंदोबस्त असला की चौक बंद, दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले, आणि एका फोटोला दहा जणांचे नकार. या सगळ्यातून जो फोटो निघतो, तो ज्याचा आहे त्याच्याच हाती जातो. फोटोवाल्याकडे काही उरत नाही. कार्ड भरलं की जुनं पुसायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. नाव इथेही लिहिलेलं नसतं, ना उभ्या राहिलेल्याचं ना काढणाऱ्याचं, पण घरातल्यांना ते लिहायची गरजही नसते. या फोटोंचा कधी कोणी संग्रह करायला घेतलाच, तर मुंबईत बसून ते जमणार नाही. जळगाव, नांदेड, गुलबर्गा असं गावोगाव फिरून ट्रंका आणि भिंती पाहाव्या लागतील, आणि मूळ फोटो मागण्याऐवजी त्याची नक्कल काढून परत द्यावा लागेल.