देहाविना द्वार

मनुष्य बदलतो, पण पद राहते, हा अनुभव सर्वांच्याच परिचयाचा आहे. 'मुख्याध्यापक' एवढेच पद लिहून शाळेच्या पत्त्यावर धाडलेले पत्र, मध्यंतरी एक मुख्याध्यापक निवृत्त होऊन दुसरे आले असले तरी, योग्य त्या मेजावर जाऊन पडते. ते पत्र व्यक्तीला लिहिलेले नसते, पदाला लिहिलेले असते. जेथे सारा पत्रव्यवहार व्यक्तीच्या नावाने चालतो, तेथे मात्र ती व्यक्ती गेली की कामकाज खोळंबते. पत्ता देहाला बांधावा की कार्याला, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु आजच्या संगणकविद्येतील एका महत्त्वाच्या युक्तीचे मर्म याच प्रश्नात साठविलेले आहे. त्या युक्तीचे नाव 'आभासी नेटवर्क इंटरफेस'. ती केवळ लिहिलेल्या आज्ञांनी कशी निर्माण होते आणि तिच्यापासून कोणती जबाबदारी उत्पन्न होते, हे आम्ही प्रस्तुत लेखात सांगणार आहोत. यंत्रविद्येचे शिक्षण नसलेल्यासही हा विषय आकळू शकतो, असे आम्ही कलाशाखेचे पदवीधर असूनही खात्रीने म्हणतो. तेव्हा विषयाचे नाव वाचून विद्यार्थिमित्रांनी पान उलटू नये, एवढीच विनंती.

प्रथम इंटरफेस म्हणजे काय ते पाहू. एका संगणकास दुसऱ्याशी संभाषण करावयाचे, तर त्यास बाहेर पडण्यासाठी व आत येणारे घेण्यासाठी एक द्वार हवे. शाळेच्या संगणककक्षात यंत्राच्या मागील बाजूस जेथे केबल खोचलेली असते, तेथे आत नेटवर्क कार्ड बसविलेले असते. हेच ते द्वार. अशा जोडणीची इथरनेट नामक पद्धती १९७३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात, रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी सिद्ध केली. प्रत्येक कार्डास कारखान्यातच एक ओळखक्रमांक मिळतो. तो ४८ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ४८ खुणांचा असतो व त्यास मॅक पत्ता म्हणतात. ही त्या कार्डाची जन्मखूण होय. दुसरा पत्ता आयपी पत्ता. तो ० ते २५५ यांमधील चार संख्यांनी लिहिला जातो, उदाहरणार्थ, १०.०.१.५०. हा निवासाचा पत्ता होय. यंत्र ज्या जाळ्यात राहते त्याप्रमाणे तो ठरतो.

आता क्लाउडकडे वळू. या शब्दाचा अर्थ मेघ असला, तरी यात आकाशातले काहीच नाही. क्लाउड म्हणजे भक्कम इमारतींत रांगेने मांडलेले असंख्य संगणक. त्यांची शक्ती दूरवरून भाड्याने घेता येते. ॲमेझॉन कंपनीने असे संगणक भाड्याने देण्याचा आरंभ ऑगस्ट २००६ मध्ये केला. तिचे मुंबईतील केंद्र २०१६ साली व हैदराबाद येथील केंद्र २०२२ साली सुरू झाले. मायक्रोसॉफ्टने पुण्यात २०१५ सालीच आपले केंद्र उघडले होते. या इमारतींतील एका मोठ्या यंत्रावर हायपरव्हायजर नावाची व्यवस्था अनेक लहान 'आभासी यंत्रे' चालविते. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत आणि प्रत्येकास आपले घर स्वतंत्र वाटावे, तसाच हा प्रकार आहे.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. आभासी यंत्रास पाठ नाही. मग त्यात कार्ड कोठे खोचावयाचे? उत्तर असे की, कार्डही आभासी करावयाचे. आभासी नेटवर्क इंटरफेस म्हणजे, थोडक्यात सांगावयाचे तर, क्लाउडच्या दप्तरातील एक नोंद. त्या नोंदीत मॅक पत्ता असतो, खासगी आयपी पत्ता असतो, कोणास प्रवेश द्यावा याचे नियम असतात, आणि हे द्वार सध्या कोणत्या यंत्रास जोडलेले आहे याचा उल्लेख असतो. आभासी यंत्राला मात्र आपणास खरेच कार्ड लाभले आहे असे वाटते, व ते त्यातून निःशंकपणे संदेश पाठविते.

हा संदेश पोहोचतो कसा, हे एका लखोट्याच्या उदाहरणाने ध्यानात येईल. वसतिगृहातील विद्यार्थी लखोट्यावर 'खोली क्रमांक ५०' एवढेच लिहितो. व्यवस्थापक तो लखोटा उघडीत नाही. आपले दप्तर पाहून, पन्नास क्रमांकाची ती खोली कोणत्या इमारतीत आहे हे शोधतो आणि तो लखोटा दुसऱ्या, मोठ्या लखोट्यात घालून त्या इमारतीकडे रवाना करतो. तेथे बाहेरचा लखोटा काढला जातो व आतला जसाच्या तसा खोलीवर पोहोचतो. क्लाउडमध्ये नेमके हेच घडते. बाहेरच्या लखोट्यावर ग्राहकाची खूणही असते. म्हणूनच १०.०.१.५० हा एकच खासगी पत्ता सहस्रावधी ग्राहक एकाच वेळी वापरीत असले, तरी एकाचा संदेश दुसऱ्याकडे जात नाही.

आता निर्मितीकडे वळू. आम्ही येथे ॲमेझॉनच्या पद्धतीचेच उदाहरण घेतो. इतर कंपन्यांच्या पद्धती तपशिलात भिन्न असल्या तरी तत्त्व तेच आहे. या कामास पाना-पेचकस लागत नाही, लेखन लागते. मात्र त्या लेखनास क्रम आहे. आधी आपले खासगी जाळे आखावे. मग त्या जाळ्याचा एक भाग पाडावा. त्यास सबनेट म्हणतात, आणि तो एकाच विभागात, म्हणजे केंद्राच्या एकाच स्वतंत्र भागात वसलेला असतो. नंतर पहाऱ्याचे नियम लिहावेत. यास सुरक्षागट हे नाव आहे. एवढे झाल्यावरच द्वार मागता येते. पायथन भाषेत लिहिलेल्या अशा आज्ञेचा मराठी आशय पुढीलप्रमाणे सांगता येईल:

'मुंबई केंद्रात, अमुक सबनेटमध्ये, एक नेटवर्क इंटरफेस निर्माण कर. त्यास १०.०.१.५० हा खासगी पत्ता दे. त्यावर अमुक सुरक्षागटाचा पहारा बसव.'

काही क्षणांतच उत्तर येते: ईएनआय ही तीन अक्षरे, आणि त्यांपुढे सतरा अक्षरांकांचा एक क्रमांक. हे त्या नवजात द्वाराचे नाव. पुढे 'हे द्वार अमुक यंत्रास जोड' अशी दुसरी आज्ञा करावयाची, की काम झाले.

आज्ञा चुकल्यास ती नाकारली जाते, आणि हे नाकारणेही बोधप्रद असते. समजा, आपल्या सबनेटमध्ये १०.०.१.० पासून १०.०.१.२५५ पर्यंत २५६ पत्ते आहेत. त्यांतील पहिले चार व शेवटचा एक असे पाच पत्ते ॲमेझॉन स्वतःकडे राखून ठेविते. पहिला जाळ्याच्या नावाचा, दुसरा मार्गदर्शक यंत्राचा, याप्रमाणे. उरले २५१. त्याबाहेरचा पत्ता मागितला, किंवा दुसऱ्याने घेतलेला मागितला, तर साफ नकार येतो. यंत्र भिडेस पडत नाही आणि अंदाजही बांधीत नाही. जे लिहिले तेच ते मानते.

आज्ञा लिहिण्याच्या रीती दोन आहेत. पहिलीत एकेक पायरी क्रमाने सांगावयाची: हे कर, मग ते कर. दुसरीत शेवटी काय असावे तेवढेच लिहावयाचे, आणि पायऱ्या साधनाने शोधावयाच्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेले टेराफॉर्म हे साधन दुसऱ्या रीतीचे आहे. 'अशा पत्त्याचे एक द्वार असावे' असे त्यास लिहून दिले, की ते प्रथम काय काय करावे लागेल याची यादी दाखविते व संमती मिळाल्यावरच कामास लागते. तेच लेखन पुन्हा चालविले आणि मध्यंतरी काही बदलले नसेल, तर दुसरे द्वार उघडत नाही. द्वार आधीच आहे, हे ते जाणते. पहिली रीत स्वयंपाक्यास कृती सांगण्याची, तर दुसरी पंगतीत काय वाढलेले असावे हे सांगण्याची.

एवढ्या खटपटीचे फळ काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. डिसेंबर २०११ मध्ये ॲमेझॉनने इंटरफेसला यंत्रापासून स्वतंत्र अस्तित्व दिले, आणि आरंभी सांगितलेला मुख्याध्यापकांच्या पत्राचा न्याय येथे लागू झाला. समजा, एखाद्या परीक्षा मंडळाच्या निकालाची माहिती एक यंत्र पुरवीत आहे आणि निकालाच्या दिवशीच ते बंद पडले. इंटरफेस यंत्राशी कायमचा जखडलेला असता, तर इतर सर्व यंत्रांना नवा पत्ता कळवीत बसावे लागले असते. परंतु तो निराळा असल्यामुळे, त्याच विभागात सज्ज ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रास तो जोडावयाचा, एवढेच काम उरते. खासगी पत्ता तोच, मॅक पत्ता तोच, पहारा तोच. निकालाकडे डोळे लावून बसलेल्या मुलास यातले काही कळतही नाही, आणि तेच या योजनेचे यश होय.

तथापि या युक्तीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. यंत्राबरोबर जन्मास येणारा पहिला इंटरफेस त्यापासून सोडविता येत नाही. हलविता येतो तो मागाहून जोडलेला. तो एका विभागातून दुसऱ्या विभागात नेता येत नाही. शिवाय त्याच्याबरोबर जाते ते केवळ पत्त्याचे व पहाऱ्याचे लेणे. बंद पडलेल्या यंत्रातील माहिती जात नाही. नवे मुख्याध्यापक पदावर आले, तरी जुन्यांच्या मनात होते ते दप्तरात उतरलेले नसेल, तर त्यांना कोठून ठाऊक असणार? म्हणून माहितीची प्रत आधीच दुसरीकडे ठेवणे अगत्याचे असते.

सर्वांत मोठी जबाबदारी आहे ती पहाऱ्याची. नवा सुरक्षागट लिहिला, की आरंभी बाहेरून कोणासही आत प्रवेश नसतो. जो नियम लिहावा तेवढीच फट उघडते. संकेतस्थळासाठी ४४३ क्रमांकाचा मार्ग सर्वांस मोकळा ठेवणे योग्यच आहे. पण यंत्राचा कारभार दूरवरून पाहण्यासाठी २२ क्रमांकाचा मार्ग असतो. तो 'कोठूनही येवोत' अशा अर्थाने चार शून्ये लिहून सर्वांस उघडला आणि द्वारास सार्वजनिक पत्ताही दिला, तर काय होईल? घराची किल्ली दारालाच लटकवून गावाला जाण्यासारखे ते होय. पण एवढ्या मोठ्या जगात आपले दार कोणास दिसणार, असे काहींना वाटेल. त्यांनी पुढील गोष्ट ध्यानात घ्यावी. चार संख्यांच्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी होतात. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन सिद्ध करून दाखविले की, एका वेगवान जोडणीवरून एकच संगणक या साऱ्या सार्वजनिक पत्त्यांवरील एका मार्गाची चाचपणी पाऊण तासाच्या आत करू शकतो. अभ्यासकास जे शक्य, ते चोरासही शक्य. तेव्हा आडगावी असल्यामुळे कोणी येणार नाही, हा भरवसा या प्रदेशात मुळीच चालत नाही; येथे आडगावच नाही.

याखेरीज एक कर्तव्य उरते, ते म्हणजे विसर्जनाचे. आपल्याकडे चवथीला ज्या श्रद्धेने मूर्ती आणतात, त्याच श्रद्धेने तिचे विसर्जनही करतात. आवाहन केले आणि विसर्जन राहिले, तर विधी अपुरा मानतात. येथेही तसेच आहे. स्वतंत्रपणे निर्माण केलेला इंटरफेस, यंत्र नष्ट केले तरी, आपोआप नष्ट होत नाही. त्यासाठी निराळी व्यवस्था लिहावी लागते. मग बेवारशी द्वारे पत्ते अडवून बसतात, आणि त्यांचा सबनेट काढून टाकावयास गेले की तो निघत नाही. नुसत्या इंटरफेसला भाडे नाही हे खरे. पण १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक पत्त्यास ताशी अर्धा सेंट आकारू लागली. त्या दराने विसरलेला एक पत्ता वर्षाकाठी सुमारे ४४ डॉलर खातो. अर्धा सेंट क्षुल्लक वाटतो. पण थेंबे थेंबे तळे साचते, हे सुभाषित खर्चालाही लागू आहे.

मराठी माध्यमातील आमच्या मुलांस हा विषय आपला नव्हे असे वाटते. तो इंग्रजीचा आहे अशी त्यांची समजूत असते. आज्ञांतील शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते मोजके असतात व थोड्या सरावाने पाठ होतात. कठीण असते ते निराळेच: आधी काय, नंतर काय, कोणास प्रवेश, कोणास मज्जाव, आणि काम संपल्यावर काय आवरावे, हे संदेह न ठेवता ठरविणे. हा विचार ज्या भाषेत आपण घरी बोलतो, त्या भाषेत सर्वांत स्वच्छ होतो. ज्या मुलास वहीच्या एका पानावर, शुद्ध मराठीत, 'या द्वारातून कोणी यावे व का' हे निःसंदिग्ध लिहिता येते, त्याचे अर्धे काम तेथेच झाले. उरलेले अर्धे शिकविण्यास आम्ही शिक्षक आहोतच. संगणककक्षाचे दार त्याने ठोठवावे.