आठ चरणांची किल्ली

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे जुने मत आहे. पण २०२५ च्या जुलैत, प्रथम वर्षाच्या प्रवेशाची मुदत सोमवारी संपायची असताना, शनिवारी सकाळी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातले छत्तीसच्या छत्तीस संगणक एकदम आजारी पडले. सुरू करावा, तीन-चार मिनिटे चालावा आणि आपला आपणच बंद होऊन पुन्हा उघडावा! बाहेर व्हरांड्यात ओल्या छत्र्या घेऊन पालकांची रांग, आणि आत आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब कपाळाला हात लावून बसलेले. माझा भाचा पुण्यात याच धंद्यात आहे आणि सध्या सुटीवर आला आहे, ही बातमी कोणीतरी प्राचार्यांच्या कानांवर घातली. झाले! सकाळी अकराला मामा-भाचे कामावर रुजू.

“मामा, इथे रोगी ठीक आहे, वैद्यच बिघडला आहे,” भाचा दहा मिनिटांत म्हणाला.

जिथे पुष्कळ संगणक एका जाळ्यात जोडलेले असतात, तिथे प्रत्येकाची देखभाल करीत कोण हिंडणार? म्हणून प्रत्येकात एक कारभारी सॉफ्टवेअर बसवितात. मुख्य संगणकावरून, म्हणजे सर्व्हरवरून, हुकूम सुटतो आणि हा कारभारी तो बजावतो. आमच्या कारभाऱ्याची रात्रीतून आलेली नवी आवृत्ती सदोष निघाली होती.

“मग सर्व्हरवरूनच त्याला काढून टाक की!” मी म्हणालो.

“तो हुकूम बजावणार कोण, मामा? तोच ना?”

म्हणून एकेका यंत्रापाशी जाणे आले. पहिल्या संगणकातून भाच्याने कारभाऱ्याला काढले, जाळ्याची तार जोडली, आणि आम्ही चहा घेऊन येतो तो स्वारी पुन्हा हजर! सर्व्हरला पढवून ठेवलेले होते, की ज्या संगणकात कारभारी दिसणार नाही तिथे तो ताबडतोब बसवावा. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ निदान झाडावर तरी परत जाई; हा खांदाच सोडीना. तेव्हा आधी सर्व्हरवरचा तो नियम रद्द केला, मग प्रत्येक संगणकाची तार उपटायची, तो ‘सेफ मोड’मध्ये म्हणजे अगदी निकडीच्या कामांपुरता उघडायचा आणि पेनड्राइव्हवरून झाडू मारायचा, असे ठरले.

बाराव्या संगणकापर्यंत सुरळीत चालले. तेरावा नवा होता. त्याने निळ्या पडद्यावर किल्ली मागितली. नव्या यंत्रांतली माहिती बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असते, आणि असे आडवाटेने आत शिरू लागले की ते ४८ आकड्यांची किल्ली विचारते. असे बारा संगणक होते. भाच्याचा चेहरा उतरला.

त्याला १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवला होता. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचे संरक्षक सॉफ्टवेअर जगभरच्या मोठ्या कार्यालयांत असते. त्याला आपल्या घड्याळाने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक लहानशी फाइल पाठविली गेली. सॉफ्टवेअरपाशी माहितीच्या नोंदी वीस, आणि फाइल मागणार एकविसावी! ती शोधायला गेलेला संगणक कोलमडे. १० वाजून ५७ मिनिटांनी फाइल मागे घेतली, पण तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बिघाड धाडायला ७८ मिनिटे पुरली. पण जे संगणक जाळ्याला लागण्याआधीच कोसळत, त्यांच्यापाशी माणसालाच जावे लागले. आणि कित्येक ठिकाणी कुलपांच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोच बंद पडलेला!

आमच्याही किल्ल्या गेल्या, असे समजून भाचा बसला असता भाऊसाहेब मुकाट्याने उठले. तिजोरीच्या कपाटातून त्यांनी एक लाल बासन काढले. यंत्रे नवी आली तेव्हा त्यांनी प्रत्येकाची किल्ली वहीत उतरवून घेतली होती. त्या वेळी आम्ही सगळे त्यांना हसलो होतो. मी जरा जास्तच.

मग माझे काम सुरू झाले. किल्ली सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरणही सहा-सहा अक्षरांचेच. मी चरण पाडून मोठ्याने वाचू लागलो, भाचा टिपू लागला. भाऊसाहेबांचे आकडे देवनागरी, आणि त्यांचा १ व ९ ओळखणे म्हणजे पोथी लावणेच. पण या किल्लीत एक गंमत आहे. प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे एक आकडा चुकला तरी यंत्र तिथल्या तिथे अडवते. माझे तीन ‘नऊ’ असे अडवले गेले.

रात्री साडेआठाला छत्तिसावा संगणक उघडला आणि उघडाच राहिला. भाऊसाहेब वही बासनात बांधू लागले, तसा भाचा म्हणाला, “थांबा. किल्ल्या आता बदलायला हव्यात. मामांनी त्या सगळ्या व्हरांड्याला ऐकविल्या आहेत.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि वहीचे कोरे पान उघडले.