पन्नासला एक कमी

राज्य मंडळाच्या पहिलीला २०२५-२६ पासून नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा आमच्या मुलुंडच्या इमारतीत एकच प्रश्न होता: ‘म्हणजे आता आपलंही सीबीएसईच का?’ पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून जे रान पेटलं, त्यात गणिताची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही.

उपनगरांना बोर्डाचं वेड अंमळ जास्तच. महापालिकेनेही २०२१ मध्ये मुलुंडच्या मिठागर, विद्याविहारच्या राजावाडी अशा शाळांवर सीबीएसईची पाटी लावली आणि प्रवेशासाठी सोडत काढायची वेळ आली. पण दुसरीतल्या मुलाला काय यायला हवं, हे पाटीवर ठरत नाही. एनसीईआरटीने २०१७ मध्येच इयत्तावार अध्ययन निष्पत्ती मांडल्या. बालभारतीच्या पुस्तकांत त्या सुरुवातीलाच छापतात. ते पान उलटून आपण थेट धड्यावर जातो. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तर मापच हातात दिलं: दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचन आणि ९९९ पर्यंतच्या संख्या. बोरिवली असो की गडचिरोली, माप तेच.

माप एक, पण वाट? इंग्रजी माध्यमातलं मूल ‘ट्वेंटी’ शिकलं की पुढे ‘वन, टू’ जोडत जातं. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना चार. त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर ही नावं तर एकेक करून पाठच करायची.

हे दुखणं मंगला नारळीकर यांनी नेमकं पकडलं होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या प्रमुख होत्या. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्र खवळला. विधानसभेत ‘वीस’ दडलेल्या आडनावावरून कोट्या झाल्या, भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. बाईंचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांनी भरलेल्या या नावांमुळे मुलं गणितालाच बिचकतात; कानडी, तेलुगूत दशक आधी बोलतात, तिथे कुणाचं काही बिघडलेलं नाही. शिवाय जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हतीच. पण तेवढं वाचायला पुस्तक उघडावं लागतं. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांची बाजू तेव्हा पुरती ऐकून घेतली गेली नाही, असं मला आजही वाटतं.

‘एकोणपन्नास’ मलाही प्रिय आहे. ते मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. पण मराठी शाळेतल्या मुलाला त्याच मापाने मोजायचं, तर नावांच्या या जंगलातून वाट काढायला त्याला चार तास जास्त द्या.

परवा शेजारच्या दुसरीतल्या मुलाला म्हटलं, एकोणपन्नास लिही. त्याने झटकन ५० लिहिलं, माझ्याकडे पाहिलं, खोडलं, आणि बोटांवर मोजायला बसला.