लेकरांची शिदोरी

सुट्टी लागली की घराघरांत सहलीचे बेत ठरतात. गाडी, मुक्काम, तिकिटं यांची धांदल आठवडाभर चालते आणि मुलांच्या खाण्याचा विचार मात्र आदल्या रात्री दहा वाजता सुरू होतो. मग वेफर्सची पाकिटं, क्रीमची बिस्किटं आणि ज्यूसचे खोके पिशवीत पडतात. मुलं ती तासाभरात फस्त करतात, पाणी पाणी करतात, किरकिरी होतात आणि जेवणाच्या वेळी ताटाकडे बघत नाहीत. वास्तविक वाटेत टिकणारं, न सांडता हातात धरून खाता येणारं खाणं करण्यात महाराष्ट्राच्या घरांचा हात धरणारं कोणी नाही. त्यातलं बरंच आजच्या मुलांनाही आवडण्यासारखं आहे. फक्त डब्याचा बेत पदार्थावरून न ठरवता वाटेवरून ठरवावा, असं माझं मत आहे. डबा कुठे उघडायचा, किती वाजता उघडायचा आणि तो कोणाच्या हातात असेल, हे आधी ठरलं की पदार्थ आपोआप सुचतात.

सुरुवात दशमीपासून करायला हवी. कणीक पाण्याचा थेंबही न लावता दुधात भिजवायची, गोड हवी असेल तर त्याच दुधात गूळ विरघळवून घ्यायचा, थोडं तेलाचं किंवा तुपाचं मोहन घालायचं आणि पोळीपेक्षा जरा जाड लाटून मंद आचेवर दोन्हीकडून खमंग भाजायची. सोवळ्याओवळ्याच्या काळात ही पाण्याविना केलेली दशमी प्रवासात चालत असे, म्हणून तिचं महत्त्व फार. आज ते कारण उरलं नाही, पण दुसरं उरलं आहे. साधी पोळी दुपारपर्यंत वातड होते, दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तीन-चार वर्षांच्या मुलाला ती स्वतःच्या दातांनी तोडता येते, सोबत भाजी लागत नाही, हात चिकट होत नाहीत. लाल भोपळ्याचा कीस गुळात शिजवून, त्यात मावेल तेवढीच कणीक घालून तळलेले घारगे तिचीच भावंडं शोभतात. जी मुलं भोपळ्याची भाजी बघून तोंड फिरवतात, ती घारगे मागून घेतात.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ही जागा धपाट्यांनी घेतली आहे. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि कणीक, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, कोथिंबीर, आणि हे सगळं दह्यात भिजवायचं. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर तेल सोडून भाजायचं. दह्याच्या आंबटपणामुळे धपाटे लवकर बिघडत नाहीत. मुलांसाठी मिरची कमी करावी, आकार तळहाताएवढा ठेवावा. सोबत सोलापूरची शेंगदाण्याची चटणी. उखळात कुटून दाण्यांना तेल सुटलेलं असतं, पाण्याचा अंश नसतो, म्हणून ती दिवस दिवस चांगली राहते. ओल्या नारळाच्या चटणीचा दुपारपर्यंतही भरवसा धरता येत नाही. प्रवासाच्या खाण्याचं मुख्य सूत्र हेच: पाणी जितकं कमी, तितकं अन्न टिकाऊ. सोलापूरकडच्या कडक भाकरीत ते टोकाला नेलं आहे. त्या पापडासारख्या भाकरीला तूप लावून वर चटणी भुरभुरली की मुलं कुरकुरीत म्हणून आनंदाने खातात. मुंबईच्या गुजराती शेजाऱ्यांनी शिकवलेले ठेपले आणि खाकरेही याच जातीचे, आणि आता मराठी डब्यातही ते रुळले आहेत.

उत्तम शिदोरी बघायची असेल तर मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव, नांदेड, सोलापूर या भागात जावं. वेळा अमावास्या, तिथल्या बोलीत येळवस. लातूरला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. शहर ओस पडतं आणि शिवारं भरतात. रानात कडब्याची कोप उभी करून पूजा होते आणि मग शेतातच पंगत बसते. ज्यांना शेत नाही त्यांना आग्रहाने बोलावणं असतं. आंबिलीचं मडकं डोक्यावर येतं: ज्वारीचं पीठ आणि ताक यांची लसूण-जिऱ्याच्या चवीची आंबील. भज्जी हा त्या दिवसाचा राजा. हिरव्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, चिंचेचा कोळ आणि बेसन यांची ती दाट भाजी शिळी झाली की आणखी चवदार लागते. जोडीला बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, भाकरी. यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ घरून करून आणण्याजोगा आहे आणि गार खाल्ला तरी बिघडत नाही. मुलांची पोटं तर पंगतीआधीच निम्मी भरलेली असतात, कारण झाडाला झोका बांधलेला असतो आणि हाताशी बोरं, हरभरा, ऊस असतो. मूल रानात पाच तास कंटाळत नाही, याचं कारण खाणं आणि खेळणं तिथे वेगळं काढलेलं नसतं. शहरातल्या सहलीतही हे करता येतं. मुलांना शेंगा सोलायला द्याव्या, पेरू कापायला द्यावा, काकडीला मीठ लावायला द्यावं.

ताजं शिजवून बाहेर खाण्याची वाटही आपल्याकडे आहेच. विदर्भात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि पानगे, हिवाळ्यात ठिकठिकाणी हुरडा, कार्तिकात आवळीभोजन. पण ती मोठ्या गोतावळ्याची कामं आहेत. दोन मुलांना घेऊन निघालेल्या आईबापांना डबाच बरा.

आता दहीभाताकडे वळतो, कारण लहान मुलांच्या डब्यात त्याच्याइतका शहाणा पदार्थ नाही आणि तो चुकीचा करण्याचं प्रमाणही मोठं आहे. सकाळी भातात वाडगाभर दही कालवून डबा भरला तर बारा वाजता तो आंबट ढाण लागतो. भात मऊ शिजवावा, गरम असतानाच डावाने घोटावा, परातीत पसरून लवकर गार करावा, मग त्यात सढळ दूध घालावं आणि विरजणापुरतं चमचाभर दही. वाटेत दुधाचं दही होत राहतं आणि जेवणाच्या वेळी भात गोडसर, सैल मिळतो. वरून तूप-जिऱ्याची फोडणी, आवडत असेल तर डाळिंबाचे दाणे. परातीत पसरण्याचं कारण महत्त्वाचं आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात पातेल्यात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि उलट्या होतात. कोणतंही शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभराहून जास्त नको, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. तो ओल्या, शिजवलेल्या पदार्थांना विशेष लागू पडतो. म्हणून रसभाजी, पनीर, चिकन, ओलं खोबरं घातलेले पोहे हे उन्हाळ्याच्या डब्यात नकोत, आणि दहीभातही उन्हात तापणाऱ्या गाडीत न ठेवता बर्फाच्या पिशवीलगत ठेवावा. उकडलेली अंडी न्यायची तर सोलू नयेत.

डबा भरतानाची एक चूक सगळीकडे दिसते. गरम पोळ्या तशाच डब्यात घालून झाकण लावतात, वाफ धरते, खालच्या पोळ्या ओल्या होतात आणि त्यांना वास येतो. पोळी फडक्यावर टाकून पुरती गार होऊ द्यावी. चिवडा, भडंग, शंकरपाळी यांचे मोठे डबे एकदा उघडले की सादळतात. मुलागणिक छोट्या डब्या भरल्या तर हे टळतं. ॲल्युमिनियमच्या कागदात लिंबू पिळलेलं, चिंचेचं किंवा टोमॅटोचं काही गुंडाळू नये, आंबटाने तो कागद झिजतो. वर्तमानपत्रात तर काहीच नको. छपाईच्या शाईमुळे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच तसा इशारा दिला आहे. आंबटाचं आणि धातूचं जमत नाही, हे आमच्या आज्यांना पितळेमुळे माहीत होतं: कल्हई गेलेल्या डब्यात ताक ठेवलं की ते कळकतं. त्यांच्या सामानात फिरकीचा तांब्याही असे. आटे पाडलेलं झाकण घट्ट फिरवून बसवायचं, तांब्या आडवा पडला तरी पाणी सांडत नसे. आज स्टीलची बाटली तेच काम करते, आणि महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी असल्याने पळसाच्या पत्रावळी पुन्हा मिळू लागल्या आहेत, याचा मला फार आनंद आहे.

वाटेप्रमाणे बेत कसा बदलतो तेही बघू. रेल्वेत पुरी आणि कांदा न घातलेली बटाट्याची सुकी भाजी इतकी वर्षं उगाच टिकलेली नाही. पुरीतलं पाणी तळताना निघून जातं, कांदा नसल्याने भाजी लवकर उतरत नाही, आणि मांडीवर कागद पसरून ती खाता येते. घाटाच्या वाटेवर मात्र पुरी नको. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचा त्रास सर्वांत जास्त होतो. आंबोली, कुंभार्ली किंवा वरंधा घाट यायच्या आधी तळकट खाणं आणि पेलाभर दूध दिलं की पुढचं सगळं निस्तरावं लागतं. अगदी उपाशीही ठेवू नये. भाजलेले पोहे, कोरडी दशमी, जरा मोठ्या मुलांना आलेपाकाची वडी, आणि खिडकीतून दूरवर समोर बघायला लावणं, याने निभावतं. गणपतीत मुंबईहून कोकणात निघालेल्यांनी तर नेहमीच एक जादा जेवण बरोबर ठेवावं. महामार्गावर पाच तासांचे दहा तास कधी होतील याचा नेम नसतो, आणि अशा वेळी साखरांबा लावून गुंडाळलेल्या पोळ्या आणि राजगिऱ्याचे लाडू मुलांना तारतात. गडावर जाताना वजन आणि तहान यांचा विचार आधी. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, ते तिथल्या बायाबापड्यांकडूनच घ्यावं. त्यांच्या चुली त्यावर चालतात. तिखट न चालणाऱ्या लेकरापुरता डबा तेवढा न्यावा. माथेरान-महाबळेश्वरला माकडांसमोर पिशवी उघडू नये आणि त्यांना खाऊ घालू नये. त्या खाण्याने माकडांची सवय बिघडते आणि ती मुलांच्या हातातलं ओढतात.

काही गोष्टी लहानग्यांच्या डब्यात घालूच नयेत. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, गोल द्राक्षं चालत्या गाडीत देणं धोक्याचं आहे, श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षं उभी चिरावी, दाण्याचं कूट करून लाडू वळावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. आणि उलट्या-जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक आईबापाला पाठ असावं. दोन्ही पुड्या घरूनच मोजून न्याव्या.

प्रत्येकाला हेही सांगतो: हा सगळा भार एकट्या आईवर पडतो, आणि सहलीला निघताना ती आधीच दमलेली असते. दशमी लाटणं नाही जमलं तरी डब्या भरणं, बाटल्या धुणं, काकडी चिरणं हे बाबांना आणि आठ वर्षांच्या मुलाला सहज जमतं. स्वतः भरलेला डबा मूल न कुरकुरता खातं, हे कोणत्याही घरात करून बघता येईल. डब्याची कडी त्याच्या बोटांनी उघडते का, हेही घरीच पाहून घ्यावं. गोपाळकाल्याची मूळ कल्पनाही मुलांचीच: प्रत्येक सवंगड्याने आपली शिदोरी सोडायची आणि सगळ्यांचं एकत्र कालवायचं. दोन-तीन कुटुंबं मिळून निघाली तर डबे एकाच चादरीवर मांडावेत. घरी धपाट्याला नाक मुरडणारं मूल शेजारच्या काकूंचं धपाटं चवीने खातं.

आणि परतीचा डबा. तो बहुतेकजण विसरतात. दिवसभर उंडारून आलेल्या मुलांना खरी भूक संध्याकाळी पाचला, गाडीत बसल्या बसल्या लागते, आणि तोवर पिशवीत चुरा तेवढा उरलेला असतो. म्हणून सकाळीच एक वेगळी पिशवी बांधावी, तिच्यात दोन केळी, खजुराचे लाडू, चुरमुऱ्यांची डबी आणि पाण्याची भरलेली बाटली ठेवावी, आणि ती गाडीच्या मागच्या बाजूला, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.