बांडगूळ आणि कोकिळा

कुणी दुसऱ्याच्या जिवावर जगत असलं की आपण त्याला बांडगूळ म्हणून मोकळ्या होतो. कोकिळा तर आपली पोरं सरळ कावळ्याच्या घरी वाढवते, पण तिचं मात्र कौतुक! आज या दोघांना आम्ही शेजारी बसवणार आहोत. जळोचीच्या बांधांवर, आंब्यावर आणि कडुलिंबावर दोघंही भेटतात, आणि आंबा राखायचा तर त्यातलं एक ओळखावंच लागतं.

आधी कोकिळा. कुहूकुहू करतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. म्हणजे ज्या गाण्यासाठी आपण तिला नावाजतो, ते तिचं नव्हेच! ही जात घरटं बांधत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी कावळ्यांची घरटी तयार झाली की मादी डाव साधून त्यात अंडं घालते. तिचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या दोन-तीन दिवस आधी अंड्यातून बाहेर येतं आणि घासाला पहिला नंबर लावतं. एवढं होऊनही कावळ्याची स्वतःची पिल्लं पुष्कळदा वाढतातच.

बांडगुळाचं तसं नाही. त्याची पानं हिरवी असतात, म्हणजे अन्न ते स्वतः तयार करतं. पूर्ण ऐतखाऊ म्हणणं अन्यायाचंच. पण जमिनीत त्याला मूळ नसतं. फांदीच्या सालीतून आत शिरून ते झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं. पाणी टंचाईच्या दिवसांतही त्याचं पिणं फारसं कमी होत नाही. मग फांदीचा शेंडा वाळतो, मोहोर आणि फळ कमी होतं. कालव्याच्या पाण्यावरचं झाड थोडं तग धरतं, कोरडवाहू बांधावरचं लवकर खंगतं.

ते झाडावर चढतं कसं? इथे पुन्हा पक्षीच येतो. चिमणीहून कितीतरी लहान असा फुलटोच्या त्याची फळं खातो. बी इतकी चिकट, की विष्ठेतून पडताना ती शेपटीखाली लोंबते. पक्षी ती फांदीला पुसतो आणि बी तिथेच रुजते. नळीसारख्या फुलांतला मध शिंजीर पितो. म्हणून माळावरच्या, ओढ्याकाठच्या झाडांवरचं बांडगूळ राहू द्यावं, असं आमचं मत आहे. पाखरांचं तेवढं पोट भरतं.

फळझाडावरचं मात्र काढाच, तेही फळं पिकायच्या आत. नुसतं ओरबाडलं तर ते पुन्हा फुटतं. फांदी बारीक असेल तर चिकटलेल्या जागेच्या वीतभर खाली, खोडाच्या बाजूने, करवतीने कापा. जाड फांदीवर त्याची मुळी तासून काढा आणि पुढच्या पावसानंतर पुन्हा बघा. गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, एकटीने झाडावर चढू नका. फांदीजवळून विजेची तार जात असेल तर हात न लावता आधी वायरमनला बोलवा.