संवेदनशील माहिती, नवा कायदा आणि आज्ञावलीकार

पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था आहे. अशा परिसरात रुग्णांच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर रचणाऱ्यास कायदा काय सांगतो, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील २०११ च्या नियमांनी ‘संवेदनशील’ माहितीची यादीच दिली होती: पासवर्ड, आर्थिक तपशील, शारीरिक व मानसिक आरोग्य, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बोटांचे ठसे इत्यादी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने ही वर्गवारीच सोडून दिली. सर्व वैयक्तिक माहितीस ‘वाजवी’ सुरक्षा-उपाय हवेत, एवढेच तो म्हणतो. कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. यावरून सवलत मिळाली असा जो समज दिसतो तो आमच्या मते भ्रामक होय. मोबाइल क्रमांकास पुरेसे असलेले कुलूप एच.आय.व्ही. तपासणीच्या अहवालास वाजवी कसे ठरावे? पूर्वी यादी जे ठरवीत असे ते आता रचनाकारास ठरवावयाचे आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका प्रयोगशाळेचे हजारो अहवाल इंटरनेटवर कोणासही उघडता येतील अशा स्थितीत आढळले; त्यांत एच.आय.व्ही. तपासणीचेही अहवाल होते. अशा माहितीसाठी २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स अधिनियमाने संस्थांवर स्वतंत्र बंधन घातले आहे. सामान्य कायद्यातून वर्ग गेला तरी विशेष कायद्यातून तो गेलेला नाही.

संशोधकांसाठी कलम १७ मध्ये सूट आहे खरी. पण ती दोन अटींवर. विहित मानके पाळावयाची, आणि त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीविषयी निर्णय घ्यावयाचा नाही. प्रबंधासाठी रचलेली आज्ञावली उद्या डॉक्टरांना अमुक रुग्णाचा उपचार सुचवू लागली, तर तेथे सूट संपते. (विद्यार्थ्यांचे नेमके याकडेच दुर्लक्ष होते.) म्हणून नावे व रुग्णक्रमांक प्रारंभापासूनच निराळ्या तक्त्यात ठेवणे इष्ट.

नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. त्यांनुसार माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तींना व मंडळास विनाविलंब कळवावयाचे आणि मंडळास सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावयाचा. ‘सर्ट-इन’चा २०२२ चा आदेश तर सहाच तास देतो. कोणी, केव्हा, कोणती नोंद उघडली याची नोंदवही आज्ञावलीतच नसेल, तर या दोहोंपैकी एकही अहवाल लिहिता येणार नाही.