टोमॅटोच्या पोटात

शिवणकामाच्या दुकानात पिनकुशन मागितलं, की बहुधा लाल कापडी टोमॅटोच हातात पडतो. दोऱ्याने आवळून पाडलेल्या फोडी, माथ्यावर हिरवी पानं, आणि दोरीला लोंबणारी चिमुकली स्ट्रॉबेरी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हा नमुना रूढ झाला. नव्या घरात टोमॅटो ठेवला की पीडा टळते, हंगाम नसेल तेव्हा कापडाचा ठेवायचे, अशी एक कथा सांगतात. मला ती मागाहून रचलेली वाटते.

खरी गंमत पोटात आहे. स्ट्रॉबेरी शोभेची नव्हे. तिच्यात एमरीची, म्हणजे कुरुंद असलेल्या दगडाची, पूड भरलेली असते. घामट बोटांनी चिकट झालेली, गंजाचे ठिपके पडू लागलेली सुई त्यात चार-सहा वेळा खुपसून काढली की पुन्हा सरसर चालते. मात्र सुई तिथेच टोचून ठेवू नये, आणि मुलामा दिलेली तर घासूच नये.

टोमॅटोत पूर्वी लाकडाचा भुसा ठासून भरत. उशी जड होई, टाचणी ताठ उभी राही. लोकर त्याहून सरस: तिच्यातलं लॅनोलिन सुईला किंचित तेलकट ठेवतं. कोंडा भरला तर किडे होतात. कापूस आपल्याकडे सहज मिळतो, पण तो दमट हवा शोषतो. कोकणातल्या पावसाळ्यात अशा उशीतली सुई महिन्याभरात तांबूस दिसू लागली तर नवल नाही. हल्ली टोमॅटोत कृत्रिम तंतू भरतात. वजनच नसल्याने टाचणी ओढली की टोमॅटोही सोबत येतो.

ही उशी नेहमी शिवणकामासाठीच असे असं नाही. इंग्लंड-अमेरिकेत बाळंतिणीला साटिनची उशी देत, तिच्यावर टाचण्यांच्या डोक्यांनी स्वागताचे शब्द टोचलेले. 1849 साली वॉल्टर हंटने सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं. त्याआधी बाळाचे कपडेही साध्या टाचण्यांनीच अडकवत, म्हणून भेट उपयोगाची. पण ती प्रसूतीनंतरच द्यायची, नाहीतर कळा वाढतात, ही समजूत. नायगारा धबधब्यापाशी हौदेनोशोनी या मूळ अमेरिकी जमातींतल्या बायका मण्यांनी मढवलेल्या उशा पर्यटकांना विकून संसाराला हातभार लावत. जपानात तर मोडक्या सुयांचा विधीच असतो, हारी-कुयो. तोक्यो भागात 8 फेब्रुवारीला त्या मऊ तोफूत टोचतात; आयुष्यभर जाडजूड कापडाशी झुंजलेल्या सुईला शेवटी तेवढा आराम.

आपल्याकडे सुई रिळात, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरात. शिंपीकाका ती सदऱ्याच्या छातीवरच टोचतात. तरीही घरी ब्लाउज बेतणाऱ्या बाईला मनगटावर बांधायची उशी हवीच. मशीनवर एका हाताने कापड सरकवताना दुसऱ्याने टाचणी काढून ठेवायला दुसरी जागा नसते. घट्ट विणीचं कापड घ्या, आत जुन्या लोकरी स्वेटरचे बारीक तुकडे ठासून भरा, आणि तळाशी जाड पुठ्ठा घालायला विसरू नका, नाहीतर टाचणी थेट मनगटात शिरते. जुनी उशी फेकायची असेल तर आधी उसवून बघा. आत बुडालेल्या, हरवल्या म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी सुया सापडतात.